मोटर चाळीसच अंश सांगत होती

ओमानमध्ये थंडी आली की ती आधी कानांना कळते. सात-आठ महिने अखंड घुरघुरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी बंद केला जातो, आणि घरात एवढी शांतता पसरते की आपण बहिरे झालो की काय असं वाटावं. मग एकेक आवाज परत यायला लागतात. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, गच्चीवरची कबुतरं, खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकांचा वर्षभर कुणाला न कळलेला खोकला. अल मवालेह या वस्तीतल्या आमच्या घरात परवा ती सकाळ झाली. माझी मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, लाइट गेली? इट्स सो... म्हणजे... खूप शांत आहे." तिला सांगितलं की लाइट आहे, थंडी आली आहे. बाहेर बावीस अंश होते आणि मी कानटोपी शोधत होतो.

त्या शांततेत खिडकीखालून एक बारीक आवाज गेला. ऊंऽऽऽ. डासापेक्षा जाड, मिक्सरपेक्षा बारीक. कुणीतरी विजेच्या सायकलवरून भाजी मंडईकडे चाललं होतं. आवाजावरूनच मी ओळखलं, मागच्या चाकातली हब मोटर, आत दातेरी चाकं, आणि स्वाराचे पाय नुसते पेडलवर ठेवलेले. माणसाला जुन्या गाण्यावरून जुने दिवस आठवतात म्हणे. मला मोटरच्या आवाजावरून सोहार या ओमानमधल्याच समुद्रकाठच्या शहरातली पाच-सहा वर्षांपूर्वीची थंडी आठवली, आणि इस्माईलभाई.

सोहारला आम्ही एकाच धातूच्या कारखान्यात होतो. मी इन्स्ट्रुमेंटवाला, म्हणजे तापमान, दाब असल्या गोष्टींचे आकडे खरे आहेत की नाहीत हे बघणारा. स्वभावाने चिकित्सक; घरी चहा उकळतानासुद्धा घड्याळ बघणारा. इस्माईलभाई मोटर शॉपचे फोरमन. गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठावर. माझं गाव देवरुखजवळ, म्हणून ते मला गाववाला समजत आणि त्या नात्याने हक्काने रागावत. जळलेली मोटर त्यांच्यासमोर आणली की ते आधी तिचा वास घेत, मग तळहात तिच्या पाठीवर ठेवून पाच अंक मोजत. हात टिकला तर मोटर चांगली. मी थर्मामीटर पुढे केला की म्हणत, "सावंत, मोटरला कागद लागत नाय. मोटरला हात लागतो." आणि वाईट हे की बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघे.

असा हा माणूस ओमानच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नऊ वेळा नापास झाला होता. इथे लायसन्स मिळण्याआधी पिंपांमधून गाडी मागे न्यावी लागते. त्याला सगळे 'ड्रम' म्हणतात, आणि गल्फमधल्या भल्याभल्यांची झोप या ड्रमने उडवलेली आहे. टनभर वजनाची मोटर क्रेनने केसभरही न हलवता जागेवर बसवणारे इस्माईलभाई त्या पिंपांकडे पाठ करून बसले की ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबत. आठव्या वेळी परत आल्यावर त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "डाव्या ड्रमला तीन पोचे हायत. त्यातले दोन माजे."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिकडे राजापूरला, घरच्यांच्या लेखी, इस्माईलभाईंकडे गाडी होती.

त्याचं असं झालं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी मरियमभाभींना, म्हणजे बायकोला, फोनवर सांगितलं की मी गाडीतून बोलतोय. ते कंपनीच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेले होते, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. भाभींनी विचारलं, "तुमची?" आणि इस्माईलभाईंच्या तोंडून "व्हय" गेलं. मग ती गाडी वाढायला लागली. पहिल्या वर्षी पांढरी झाली. पुढच्या वर्षी तिला एसी बसला. भाभींनी गावभर सांगितलं, जावेला तर दोनदा सांगितलं. दर सुट्टीत ते मनाशी ठरवून जात की यंदा खरं सांगून टाकायचं, आणि दर सुट्टीत कुणीतरी पडवीत बसून "गाडी कशी हाय?" असं इतक्या कौतुकाने विचारी की ते तिची सर्व्हिसिंगसुद्धा करून परत येत. नऊ टेस्टा दिल्या त्या एवढ्यासाठीच. गाडी खरी करून टाकावी म्हणजे खोटं बोलल्याचं पाप आपोआप फिटेल, असा त्यांचा हिशेब होता.

आणि त्या थंडीत भाभी व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी सोहारला येणार असं ठरलं. लग्नानंतर बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"मी तिच्यासमोर पडलो तर उठणार नाय रे," इस्माईलभाई म्हणाले. हा माणूस भट्टीशेजारी काम करताना कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा पाहिला. गावच्या लोकांचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं. बावीस वर्षं जी बाई आपल्या प्रत्येक शब्दावर विसंबून एकटीने घर चालवते, तिच्या नजरेतून आपण उतरू याची त्यांना भीती होती. ती भीती मला लागलीच कळली, कारण मीही तेव्हा बायकोला देशात ठेवून राहिलेलाच होतो.

त्यावर तोडगा म्हणून आम्ही जे काढलं, ते फक्त मेंटेनन्सच्याच माणसांना सुचू शकतं. आम्ही हब मोटर मागवली. हब मोटर म्हणजे चाकाच्या आऱ्या मधोमध जिथे मिळतात, त्या तुंब्यातच बसवलेली मोटर. साखळी नाही, पट्टा नाही, चाक म्हणजेच मोटर. कुणीतरी टाकून दिलेली एक जुनी सायकल मिळवली, तिच्या मागच्या चाकात ती बसवली, बॅटरी दांड्याला बांधली, कॅरियरवर उशी शिवून लावली. इस्माईलभाईंचा युक्तिवाद तयार होता. लायसन्स लागत नाही, ड्रमही लागत नाहीत. आणि मोटर आहे म्हटल्यावर तिला गाडी न म्हणायला कोण धजेल?

प्रथम चाक हवेत उचलून फिरवलं. चाक असं भन्नाट फिरलं की आम्ही दोघे एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसलो. बिनबोजाची मोटर कुणाचीही भन्नाटच फिरते, हे आम्ही रोज शिकाऊ मुलांना शिकवत होतो. पण स्वतःच्या मोटरपुढे शहाणपण टिकत नाही.

मी म्हटलं, लोड टेस्ट झाल्याशिवाय माणूस बसवायचा नाही. घरापासून समुद्र चार किलोमीटर. रस्ता हाताच्या तळव्यासारखा सपाट, फक्त मध्ये वादी, म्हणजे पावसाळी नदीचं कोरडं पात्र, आणि तिच्यावरचा चढाचा पूल. हब मोटरची सगळी अब्रू चढावर जाते. गिअर बदलायची सोय नसते. वेग उतरला की ती बिचारी नुसता करंट खाते आणि तापते. म्हणून पुलावर भाभींच्या वजनाची चाचणी हवी. पण भाभींचं वजन विचारायचं कुणी? इस्माईलभाईंनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "पंचावन्न लिव." बासमतीच्या दोन गोण्या आणि खजुराची खोकी असा पंचावन्न किलोचा ऐवज कॅरियरवर बांधला. मी तक्त्यात 'भार' या रकान्यात 'भाभी: ५५' असं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. आमचा ओमानी शेजारी अबू खमीस दिशदाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, घालून दारात कॉफी पीत बसला होता. त्याने इस्माईलभाईंना तांदळाला घेऊन जाताना पाहिलं, तांदळाला घेऊन परत येताना पाहिलं, आणि शेवटी न राहवून मला विचारलं, "रफीक," म्हणजे दोस्ता, "ये चावल को किधर घुमाता है?"

पहिल्याच फेरीत मोटर पुलाच्या मध्यावर झोपली. बिघडली नाही, झोपली. तिच्या पोटात तापमानाचा एक छोटा सेन्सर होता. मोटर फार तापली की तो कंट्रोलरला कळवी आणि कंट्रोलर वीज तोडी. दहा मिनिटांनी गार झाली की परत सुरू. शहाण्या माणसाने यातून बोध घेतला असता की मोटर लहान आहे, चढावर पाय मारून तिला हात द्यावा. पण इस्माईलभाई म्हणाले, "गाडीला कोण पाय मारतो?" आणि मी, आकडे खरे ठेवण्याचा पगार घेणारा माणूस, तेच केलं जे कारखान्यात रात्रंदिवस प्रॉडक्शनवाले आमच्या मानगुटीवर बसून करायला लावत. सेन्सर काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन पैशांचा एक रेझिस्टर सोल्डर केला. आता मोटर भट्टीत घातली तरी कंट्रोलरला चाळीस अंशच सांगणार होती. दुसऱ्या फेरीत तांदूळ पूल सहज चढून गेला. मी तक्त्यावर 'समाधानकारक' असं लिहून सही केली.

त्या वेळी मला जराही टोचलं नाही. आता वाटतं, टोचणार कसं? दर शुक्रवारी घरी फोन करताना आम्ही सगळे तेच तर करत होतो. आई विचारायची, "उन्हाळा कसा आहे रे?" बाहेर सावलीत अठ्ठेचाळीस असायचे, हेल्मेटच्या पट्ट्याखाली कातडी सोलवटलेली असायची. मी म्हणायचो, "काही नाही गं, इथे सगळीकडे एसी." जेवण कसं आहे? मस्त. काम कसं आहे? बसून असतं. समुद्रापलीकडच्या घराला काळजी लागू नये म्हणून गल्फमधला प्रत्येक माणूस स्वतःच्या पोटात एक रेझिस्टर लावून फिरत असतो आणि बारमाही चाळीस सांगत असतो.

भाभी आल्या तेव्हा सोहारला खरी थंडी पडली होती. संध्याकाळी समुद्रावर लोक निखारे पेटवून मांस भाजत, त्याचा धूर पार आमच्या गल्लीपर्यंत येई. इस्माईलभाईंनी तीन महिन्यांसाठी आमच्याच इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिल्याच दिवशी तिथून तिरफळाचा वास जिन्यात उतरला आणि मी काही काम नसताना वरखाली फेऱ्या मारू लागलो. भाभी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि पंचावन्न हा आकडा त्यांनी केव्हाच मागे टाकलेला. विमानतळावरून टॅक्सीने येताना त्यांनी विचारलं होतं, "आपली गाडी?" इस्माईलभाई म्हणाले होते, "वर्कशॉपला." त्यात मात्र तिळमात्र खोटं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी अनावरण झालं. सायकल पुसून लख्ख केली होती. भाभींनी तिला एक प्रदक्षिणा घातली.

"ही गाडी?"

"इलेक्ट्रिक हाय. नवीन निगालीय."

"आनि पांडरी?"

"ती... विकली गो. पेट्रोलची गाडी आता कोन ठेवत नाय."

ज्या देशात पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, तिथे हे वाक्य बोलायला छाती लागते. भाभींनी ते ऐकून घेतलं. मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या तक्त्याकडे गेलं आणि त्यांनी तो ओढून घेतला. "ह्या काय लिवलाय? भाभी पंचावन्न?"

"ते तांदूळ आहेत, भाभी," मी म्हणालो.

"तांदळाला तुमी भाभी बोलतांव?" त्यांनी तक्ता परत दिला आणि उशीवर बसल्या. सायकल दोन इंच खाली गेली. "आनि पंचावन्न मी लग्नात होते," त्या म्हणाल्या.

सपाटीवर मोटरने नाव राखलं. ऊंऽऽ करत सायकल निघाली, भाभींची ओढणी फडफडायला लागली, आणि इस्माईलभाई ताठ बसून पाय पेडलवर नुसते ठेवून असे चालले की जणू वरात निघाली आहे. मागून मी माझ्या साध्या सायकलवर, हातात लेझर थर्मामीटर. लांबूनच तुंब्यावर लाल ठिपका टाकून मी आकडे बघत होतो. भाभींनी मागे वळून पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "अवो, हा माजे पाठीवर पिस्तूल काय म्हनून रोखतो?"

पुलाशी आम्हाला आमची खरी चूक भेटली. चाचण्या सगळ्या सकाळी झालेल्या. सकाळी सोहारला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे तांदूळ पाठीवर वारा घेऊन चढला होता. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, थेट तोंडावर. वर भाभींचा वाढीव भार. मोटरचा आवाज ऊंऽऽवरून घोगरा झाला. ठिपक्यावर पंचावन्न, मग अडुसष्ट, मग त्र्याऐंशी. बाहेरून एवढं म्हणजे आत काय असेल! मी ओरडलो, "इस्माईलभाई, पाय मारा! पाय मारा!" त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांची मान आणि कान लाल झाले. पण पाय हलले नाहीत. पाय हलवले असते तर ती सायकल झाली असती.

मग खरखर आवाज झाला, आतल्या नायलॉनच्या दातेरी चाकांचा चिवडा झाला, आणि जळक्या वार्निशचा तो वास आला, जो ओळखण्यात इस्माईलभाईंची हयात गेली होती. सायकल थांबली. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे चालू होता. त्याच्या मते सगळं चाळीस अंशांवर छान चाललं होतं.

इस्माईलभाई उतरले. सवयीने तुंब्यावर तळहात ठेवायला गेले आणि चटका बसून हात मागे घेतला. मी म्हणालो, "चूक माझी आहे, भाभी. मी सेन्सर काढला." इस्माईलभाईंनी मला हाताने गप्प केलं. पुलाच्या कठड्याला टेकून, खाली वादीतल्या दगडांकडे बघत, ते बायकोला म्हणाले, "गाडी नाय. कदी नव्हती. नऊ वेळा नापास झालो."

भाभी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कडाडणार. त्यांनी विचारलं ते निराळंच होतं. "मंग बावीस वर्सं कामाला कसे जात होतांव?"

"कंपनीची बस."

"बस दारात येते?"

"नाय. रस्त्यावर. थोडा चालायला लागतो."

"किती?"

"अर्धा तास."

"मे म्हैन्यात पन?"

इस्माईलभाईंनी मान हलवली. भाभींचा चेहरा तेव्हा उतरला. गाडी नाही याचं दुःख त्यांना क्षणभरही झालं नसावं. त्या मनात मागे जाऊन बावीस मे महिने चालत होत्या, आणि ते मला बघवलं नाही.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. अबू खमीस आपल्या पांढऱ्या पिकअपमधून समुद्राकडे चालला होता, मागे पाच बकऱ्या. त्याने खिडकीतून धूर काढणारं चाक पाहिलं, भाभींना पाहिलं, आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला, चावल खलास? यल्ला, बैठो." भाभींना त्याने पुढे मानाने बसवलं. आम्ही दोघे दोन्ही सायकली धरून मागे बकऱ्यांत. मधली काच उघडी होती. पूल उतरतो न उतरतो तोच भाभींचा मोबाइल वाजला. पलीकडे गावची जाऊ होती. बाईंचा आवाज एवढा खणखणीत की बकऱ्यांनीही कान टवकारले. "गाडीत बसलीस काय गो?"

इस्माईलभाईंनी डोळे मिटून घेतले.

"बसले ना," भाभी म्हणाल्या. "गाडीतच हाय. समिंदराकडे चाललो. पांडरीच हाय, व्हय. लय मोटी. माजा पोटातला पानी पन हालत नाय." एक बकरी ओरडली. "त्या? हितं बकऱ्या पन गाडीतनं फिरतात. श्रीमंत मुलूख हाय बाय." जाऊने काहीतरी विचारलं. भाभींनी काचेतून मागे पाहिलं, बकऱ्यांच्या शिंगांमध्ये बसलेल्या नवऱ्याकडे. "हेच चालवतायत. आता त्यांच्याशी बोलता नाय येनार. गाडी चालवताना बोललेला त्यांना आवडत नाय."

इस्माईलभाई रडले. उघड, तोंड न लपवता. मीही फार कोरडा राहिलो नाही, पण माझ्या मांडीवर एका बकरीने पाय दिला होता, तेव्हा कशाने पाणी आलं ते सांगणं कठीण.

समुद्रावर उतरल्यावर अबू खमीस निखारे पेटवायच्या मागे लागला. भाभी वाळूत बसल्या, ओढणी डोक्यावरून नीट केली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गावाला गाडी हाय. ती मी सांबाळीन. पन मना आता खरा सांगायचा. ऊन असला तर ऊन सांगायचा. पाय दुकले तर पाय सांगायचे. नायतर फोन करू नका." इस्माईलभाई "व्हय" म्हणाले. त्या दोघांना तिथे सोडून मी लांब जाऊन उभा राहिलो. थंडी होती, आणि मला पहिल्यांदाच घरी फोन करावासा वाटूनही काय बोलावं ते सुचत नव्हतं.

भाभी फेब्रुवारीअखेर परत गेल्या. मोटरचं नंतर काय झालं असं कुणी विचारलं, तर काही नाही झालं. इस्माईलभाईंनी ती काढून साधं चाक बसवलं आणि बसच्या थांब्यापर्यंत पाय मारत जाऊ लागले. जूनमध्ये एका दुपारी शॉपच्या सावलीत ते फोनवर बोलत होते, मी शेजारी पाणी पीत होतो. "आज लय तापलाय गो," ते सांगत होते. "एकावन्न. सकाळी गरगरला म्हनून सावलीला बसलोय. व्हय. व्हय, मीठ-साकर घेतलाय." पलीकडून भाभी त्यांना जोरजोरात रागावत होत्या, टोपी का घातली नाही, सुपरवायझर झोपलाय काय, घरी या सरळ. ते ऐकत होते, घामाने निथळत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं सुखी पाहिलेलं नव्हतं.